नाच न शिकलेला नुकरा

घोडा बिघडला की या धंद्यातली माणसं आधी भोवरा शोधतात. डोळ्याखाली केसांचा भोवरा असला तर तो आसूढाळ, असा घोडा मालकाला रडवतो म्हणे. गळ्याशी देवमण सापडला तर बाकीचे सगळे दोष माफ. हिरो परत आला त्या संध्याकाळी तबेल्यात पाच-सहा जण मोबाइलचे टॉर्च लावून त्याचं अंग न्याहाळत होते. बऱ्याच वेळानं आयाळीखाली एक उलटा भोवरा कुणाला तरी दिसला आणि सगळ्यांचं समाधान झालं. खोड जन्माचीच, आपण काय करणार! त्याचं तोंड उघडून कुणी पाहिलं नव्हतं. तो उघडू देत नव्हता हेही खरं.

मी अंबरनाथच्या मोरिवलीत राहतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. घोड्यांचा नाद वडिलांकडून आला. ते माथेरानला घोडा चालवायचे. दस्तुरी नाक्यावर पाहुणा घ्यायचा आणि लाल मातीच्या वाटेनं बाजारात सोडायचा. गावात मोटारींना बंदी, त्यामुळं घोड्याला काम होतं. पुढं आमचे घोडे गेले, मी खाली उतरलो, शिकलो, नोकरीला लागलो. पण घरामागच्या गल्लीत वरातीच्या घोड्यांचा तबेला आहे आणि शिफ्ट संपली की पाय आपोआप तिकडं वळतात. पगार नाही. मालक मला मास्तर म्हणतो, चहा पाजतो आणि अवघड जनावर आलं की माझ्या गळ्यात मारतो.

आमच्या या पट्ट्यात वरातीच्या घोड्याला मरण नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या कल्याण कॅम्पचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. सिंधी-पंजाबी लग्नात नवरदेव घोडीवर चढल्याशिवाय वरात हलत नाही. आता अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी लग्नांतही तीच हौस आहे. सगळे ‘घोडी’ म्हणतात. प्रत्यक्षात घोडा असला तरी वाकून कुणी बघत नाही. मागणी पांढऱ्याला, आणि पांढऱ्यातही नुकऱ्याला, म्हणजे ज्याची कातडीसुद्धा गुलाबी असते त्याला. हिरो नुकरा. मालकानं त्याला सारंगखेड्याहून आणला होता. तापीच्या काठी दत्तजयंतीला तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आला तेव्हा त्याचे पुढचे सगळे दात दुधाचे होते. मधले दोन अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, म्हणजे तो त्याहून लहान.

एवढ्या पोराला पावसाळ्यात नाच शिकवायला पाठवलं. वरातीचा घोडा नुसता चालला तर एक दर, ताशाच्या ठेक्यावर पाय उचलून नाचला तर दुसरा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, त्याच्या आत घोडा तयार हवा. चाबुकस्वार बाहेरगावचा होता, नावाजलेला होता. नाच शिकवायची जुनी रीत अशी: घोड्याला दोन खांबांच्या मध्ये दोन्हीकडून आवळून बांधायचं, मागचे पाय पिछाडीनं जखडायचे, आणि ठेका वाजत असताना पुढच्या पायांच्या नळीवर काठी मारायची. घोडा पाय उचलतो. ठेका, काठी, पाय. काही दिवसांनी काठी नुसती दाखवली तरी पाय उचलला जातो आणि बघणाऱ्याला वाटतं घोडा तालात आहे. तोंडात काटेरी लगाम असतो, म्हणजे पुढं उसळी मारायची सोय नाही.

काटेरी लगामाला आपल्याकडं १९६५ पासून बंदी आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं केलेल्या नियमांत काटे, गाठी, टोकं असलेलं कुठलंही साधन वापरू नये असं स्वच्छ लिहिलंय. तरी मी तो बाजारात घुंगरांच्या माळांशेजारी टांगलेला पाहिलाय. घेणाराही चोरून घेत नाही.

दसऱ्यानंतर हिरो टेम्पोतून उतरला तो वेगळाच घोडा होता. कानाजवळ हात नेला की मागच्या दोन पायांवर उभा. मोरकी धरली की उभा. गल्लीत पोरानं डबा वाजवला तरी घामानं डबडबायचा. आणि त्याच्या पाठीवर नवरदेव बसवायचा होता, पुढ्यात बहुधा एखादा चिमुकला भाचा. उभा राहिलेला घोडा तोल जाऊन पाठीवर पडला तर खालच्या माणसाचं काय होतं ते मी माथेरानला लहानपणी पाहिलंय. ते इथं लिहीत नाही.

मालक वाईट माणूस नाही. घोड्यांना आधी चारा, मग स्वतः जेवणार, अशातला. पण त्याच्या डोक्यावर टेम्पोचा हप्ता होता आणि वहीत बयाणे लिहिलेले होते. त्याला वाटलं खच्ची केला की थंड होईल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खच्चीकरणानं माज उतरेल, भीती उतरणार नाही; माजाचा हा घोडाच नाही. भुलीचं हलकं इंजेक्शन देऊन त्यांनी तोंड तपासलं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जिथं लगामाची कडी बसते, तिथल्या मोकळ्या हिरडीवर दोन्हीकडं जखमा. जिभेच्या कडेला चीर. पहिल्या दाढेपुढं एक बारका फालतू दात असतो, पुष्कळ घोड्यांना असतो. लगाम त्याच्यावर आपटला की कळ मस्तकात जाते. तो काढला. खुराच्या वर दोरानं सोललेलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण घोड्याला तो फार लवकर होतो. आणि डॉक्टर म्हणाले, तोंड भरेपर्यंत लगाम खुंटीवरसुद्धा त्याच्या नजरेसमोर ठेवू नका.

दुखणं आधी, वागणं नंतर, हा क्रम मला पक्का पटलेला आहे. दुखऱ्या घोड्याला शिस्त लावणारे लोक मला कधी कळले नाहीत.

जखमा भरल्या. घोडा तसाच राहिला. तेव्हा मी चाचांकडं गेलो. चाचा मुंबईत व्हिक्टोरिया चालवायचे. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं हौसेसाठी चालणाऱ्या त्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हापासून ते उल्हासनगरला मुलीकडं असतात. तो निकाल योग्यच होता असं ते स्वतः म्हणतात. घोड्यांचे हाल होते, डांबरावर खूर झिजत होते. पण घोडा वाचायची जी नजर त्या लोकांकडं होती ती कुणी मागितली नाही, असंही म्हणतात. ते आले, तबेल्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. हिरोकडं बराच वेळ नुसतं बघितलं. मग मला म्हणाले, “बेटा, ये बिगडा नहीं है. ये बराबर सीखा है.”

त्या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस विचार केला. काठी बसते, घोडा पाय उचलतो, काठी थांबते. इथवर त्याला हिशोब कळत होता. त्रास थांबवणारी जी हालचाल, ती घोडा शिकतो. घोड्यावर बसणारा प्रत्येक माणूस याच तत्त्वावर चालतो, भलेही त्याला ते ठाऊक नसो: टाच लावली, घोडा चालला, टाच सुटली. पण घाई झाली की काठी थांबत नाही. पाय उचलला तरी बसते, अजून वर हवा म्हणून बसते, ठेका चुकला म्हणून बसते. मग घोड्यापुढं प्रश्न उरतो की काय केलं म्हणजे हे थांबेल. एक दिवस दोर तुटला असेल किंवा सैल असेल, तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि माणूस पळाला. काठी थांबली. उत्तर सापडलं. दोन वर्षांच्या पोरानं आयुष्यात सोडवलेलं सगळ्यात अवघड गणित होतं ते, आणि आम्ही त्याला खोड म्हणत होतो.

शिकलेलं पुसता येत नाही, त्याच्या शेजारी दुसरं उत्तर ठेवावं लागतं. कामाला लागलो तो हे धरून. खांब टाळला. त्याला बांधणंच बंद केलं. दोर कडीतून नुसता ओवायचा, टोक हातात. समोरून जायचं नाही. घोड्याचे डोळे बाजूला असतात, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. समोरून कपाळावर हात नेणारा माणूस त्याच्या दृष्टीनं मध्येच गायब होतो आणि एकदम अंगावर येतो. म्हणून खांद्याकडून जायचं. मान ताठ झाली की तिथंच थांबायचं, पुढं नाही, मागंही नाही. मान जराशी खाली आली, श्वास सुटला, की आपण दोन पावलं मागं सरायचं. एवढंच बक्षीस. गाजर-गूळ नंतर. त्याला कळायला हवं होतं की उभं न राहताही माणूस मागं जातो, आणि अधिक लवकर जातो.

हे बघायला अतिशय कंटाळवाणं असतं. तबेल्यातली पोरं हसायची, मास्तर आज घोड्याला शिवले का म्हणून विचारायची. काही संध्याकाळी मी हात न लावताच घरी जायचो. मालक वहीकडं बघून उसासा टाकायचा, पण बोलायचा नाही. त्यानं त्या सराईचे हिरोचे बयाणे परत केले, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. माझा धीर फुकटचा होता, त्याचा रोख पैशाचा.

सिकंदराची गोष्ट या काळात मला बऱ्याच जणांनी ऐकवली. ब्युसेफलस नावाचा बेफाम घोडा, कुणाला आवरेना. पोरसवदा सिकंदरानं ओळखलं की तो स्वतःच्या सावलीला भितोय, त्याचं तोंड सूर्याकडं वळवलं आणि वर बसला. प्लूटार्कनं लिहून ठेवलंय. सिकंदरानं आधी कारण शोधलं, एवढा भाग मला मान्य. पण भीती एका दुपारात गेली हे मला पचत नाही. ही गोष्ट सांगणाऱ्यांना तेवढी दुपारच हवी असते.

आवाजाचं काम सगळ्यात लांबलं. तबेल्यात लक्ष्मी नावाची म्हातारी घोडी आहे. डोक्यावर फटाक्यांची लड फुटली तरी ती खालचा ओठ लोंबवून झोपते. हिरोला तिच्या शेजारी ठेवला. डेन्मार्कमध्ये २००८ साली काही संशोधकांनी असा प्रयोग केला होता: नवख्या घोड्यांना भीतीच्या वस्तूसमोर नेताना काहींच्या सोबतीला सरावलेला शांत घोडा दिला, काहींच्या सोबतीला नवखाच. शांत सोबती मिळालेले घोडे कमी बिचकले. माथेरानच्या माणसाला यात नवल नाही. तिकडं शिंगरू आईच्या मागं मागं बाजारात येतं, कोपऱ्यावर माकड उडी मारतं, आई ढिम्म, मग तेही ढिम्म. वडिलांनी एकाही शिंगराला ‘शिकवलेलं’ मला आठवत नाही.

मग मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पोराला उभं केलं, हातात बिस्किटांचा रिकामा डबा. हिरोपुढं गवत आणि भिजवलेले हरभरे. पोरानं बोटांनी डबा वाजवायचा. हिरो चघळत राहिला तर ठीक. चघळणं थांबलं की डबा थांबवायचा, आणि पुढच्या वेळी पोरानं आणखी लांब जायचं. आवाज किती मोठा हे आमच्या कानांनी ठरवायचं नाही, त्याच्या जबड्यानं ठरवायचं. डब्यानंतर ताशा, तोही आधी कापडानं झाकून. या भागात बँडवाल्यांची कमी नाही. एका पथकाची रात्रीची तालीम चालायची तिथून आम्ही दोन गल्ल्या सोडून उभे राहायचो, हळूहळू एक गल्ली सोडून. एमआयडीसीचा भोंगा आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावरचे ट्रक यांना मात्र तो कधीच भ्याला नाही. त्या आवाजांत त्याला कुणी मारलं नव्हतं.

मृग लागला आणि नवीनच काहीतरी उपटलं. छत्र्या. मिटलेली काळी छत्री हातात लटकवून माणूस दारातून आला की हिरो थेट मागच्या भिंतीला. काठीच ती, त्याच्यासाठी. अंबरनाथच्या पावसात छत्री टाळायची कशी? आणि छत्रीवाला दिसला की आता हा उठणार म्हणून माझाच हात दोरावर आवळायचा. याबद्दलही एक प्रयोग वाचला, स्वीडनचा, २००९ चा. माणसांना घोडा धरून ठरावीक अंतर चालायला लावलं. शेवटच्या फेरीआधी सांगितलं, आता तुम्ही जाताना शेजारचा माणूस छत्री उघडेल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या छातीचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही. घोड्याला कुणी छत्रीचं सांगितलेलं नव्हतं. त्यानं ते दोर धरणाऱ्याकडून घेतलं. प्रयोगातली वस्तूही छत्रीच निघावी, याचं मला हसू आलं. तेव्हापासून छत्री दिसली की मी एकोणीसचा पाढा म्हणायला लागलो, मोठ्यानं, सावकाश. एकोणीस साते इथवर येईतो श्वास जागेवर येतो. तबेल्यातल्या पोरांना वाटलं मास्तर घोड्याला पाढे शिकवतायत. चालेल.

पावसाळा संपता संपता तो मोरकीवर चालायला लागला, मग लांब दोरावर गोल फिरायला. जुनी माणसं त्याला कावा देणं म्हणतात. खोगीर चढलं, रिकामं. लगाम साधा गुळगुळीत, मध्ये सांधा नसलेला, तोही नुसता तोंडात असायचा, दोर मोरकीलाच. वर कुणी बसायचा प्रश्न मी लांबवत होतो आणि त्यामागं फक्त भीतीचं कारण नव्हतं. घोड्याच्या पायांची हाडं पक्की व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात, पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांपर्यंत चालू असते. शेरवानी, फेटा, पुढ्यातला भाचा, वर चांदीच्या कलाबतूचं खोगीर, सगळं मिळून बऱ्यापैकी ओझं होतं. पहिल्यांदा बसला तो तबेल्यातला सगळ्यात हडकुळा पोरगा. बसला, उतरला. त्या दिवशीचं काम संपलं.

मग आम्ही त्याला खऱ्या वरातीच्या मागं नेला, लक्ष्मीच्या शेपटीजवळ, पाठ रिकामी. उल्हासनगरच्या एका अरुंद गल्लीत, जनरेटरची गाडी मागं आणि ताशा पुढं, हिरो थबकला. कान मागं, मान वर, पुढचे पाय हलके झाले. तबेल्यात, मैदानात, बँडच्या तालमीपाशी जे महिनोन्महिने दिसलं नव्हतं ते सगळं जागच्या जागी होतं. पोरगा म्हणाला, “मास्तर, सगळं पाण्यात गेलं.” गेलं नव्हतं. भीती अशीच असते. एका जागी ती निजली म्हणून दुसऱ्या जागी निजलेली नसते, नव्या ठिकाणी पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून सांगावं लागतं. फरक एवढाच की पाय हलके झाल्यावर तो उठला नाही. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी दोर सैल सोडून बाजूच्या गल्लीत वळलो, तो मागं आला. एका बंद दुकानासमोर आम्ही तो हरभऱ्याला तोंड लावेपर्यंत उभे राहिलो. बराच वेळ लागला. वरात पुढं गेली, लक्ष्मीला नवरदेवासकट पोहोचवून मालक आम्हाला शोधत परत आला.

त्यानंतर दर आठवड्याला निराळी गल्ली. अंबरनाथच्या शिवमंदिराकडचा रस्ता, बदलापूरचा बाजार, स्टेशनाबाहेरचा रिक्षास्टँड. बदलापुरात शिवकाळी घोडे बदलायचे असं तिथले लोक हमखास सांगतात, आणि हिरोला बघून एका आजोबांनी तेच सांगितलं. खरंखोटं इतिहासवाल्यांनी बघावं. पण आजोबांच्या हातात काठी होती, त्यांनी ती बोलता बोलता दुसऱ्या हातात घेतली आणि हिरोनं फक्त कान हलवला. मला तेवढं पुरलं.

आता तो वरातीला जातो. दिवसाच्या जातो, रुंद रस्त्याच्या जातो, आणि फटाके लावणार असाल तर घोड्यापासून लांब, अशी अट मालक आधीच घालतो. डोक्याशी नेहमीचाच माणूस. बाकीच्या वराती लक्ष्मीला. कानांना अनोळखी हात लावू देत नाही. मला वाटतं कधीच देणार नाही, आणि त्याची गरजही नाही. नाचाचं म्हणाल तर ताशाचा ठेका धरला की तो हल्ली पाय हलवत नाही, पुतळ्यासारखा उभा राहतो. चाबुकस्वाराचं गणित त्यानं स्वतःपुरतं असं सोडवलंय, आणि मी त्याच्यात ढवळाढवळ करत नाही.

मागच्या सराईत नवरदेवाचे काका घोडा बघायला आले. नुकरा बघून खूश झाले, मग नेहमीचा प्रश्न विचारला, “नाचतो का?”

मालक म्हणाला, “नाही. तुम्ही नाचा, हा उभा राहील.” दरात त्यानं पाचशे रुपये कमी केले आणि बयाणा घेतला.